रिलीवर येईपर्यंत

सेक्टर दोनमधले आमचे शेजारी काका प्लांटमधून रिटायर झाले आहेत. तरी रोज सकाळी मी ऑफिसच्या बसची वाट बघत असते, तेव्हा ते त्यांच्या फाटकाशी येऊन उभे राहतात. बोलत काहीच नाहीत. बस आली की हात वर करतात आणि आत जातात. मला फार अवघडल्यासारखं व्हायचं. ‘तुम्ही नका थांबू’ असं त्यांना सांगायचं मी ठरवलंही होतं.

तेवढ्यात त्यांच्या मुलाने त्यांना आणि काकूंना श्रीलंका दाखवून आणली. परतल्यावर काकू आमच्याकडे तक्रार घेऊन आल्या, मागोमाग काकाही.

“रिसॉर्टच्या कॅसिनोत आमी सारे नाच पाहून राहिलो, अन् हे एका रिकाम्या टेबलापाशी बसले! पत्त्याले हातही नाही लावला.”

“पत्ते वाटणारी पोरगी एकटी उभी होती,” काका म्हणाले.

“मंग? तुमची कोण लागे ती?”

“रिलीवर नव्हता आला तिचा.”

प्लांटमध्ये रिलीवर, म्हणजे पुढच्या पाळीचा माणूस, आल्याशिवाय जागा सोडत नाहीत, आणि तोवर एखादा सोबती बरोबर थांबतो, हे आमच्या प्लांटच्या कॉलनीत सगळ्यांना माहीत आहे.

“तिच्याशी काय बोललात?” मी विचारलं.

“कोणत्या भाषेत बोलू, बेटा? बसलो फक्त. दुसरी आली, मंग उठलो.”

दुसऱ्या दिवशी बसला उशीर झाला. काका फाटकाशी होतेच.

“आज बस लेट आहे, काका,” मी म्हटलं.

“येते ना आता.”

बस आली. त्या दिवशी हात आधी मी वर केला.