माझ्या आईची साडी, सासूच्या नावावर

मध्य प्रदेशातल्या बालाघाटात जुन्या-नव्या कापडांचं एक छोटं संग्रहालय आहे. तिथलं कापड काचेतून बघावं लागत नाही. खण ओढून देतात, हातात भिंग देतात आणि सांगतात, "पास से देखिए." ज्यांच्याकडून साड्या घेतल्या त्या बायांना त्यांनी गेल्या हिवाळ्यात बोलावलं. सासूबाईंना निरोप आला, तेव्हा कुठे मला कळलं की आमच्या घरातूनही एक साडी तिथं गेलीय. कोणती, ते त्यांनी सांगितलं नाही. "असन एखादी जुनी," म्हणाल्या, आणि ठेवणीतलं लुगडं नेसून आमच्या कटंगीच्या बसस्टँडवर माझ्याआधी जाऊन बसल्या.

खण उघडला आणि मी ओळखली. माझ्या लग्नातली साडी होती. वारासिवनीला माझी आई मागावर बसायची. जन्मभर दुसऱ्यांच्या लेकींसाठी विणलं, ही एकच स्वतःच्या लेकीसाठी. पदर संपत आला तेव्हा वांगी रंगाचं सूत संपलं, म्हणून शेवटची वीतभर पट्टी तिनं लाल सुतानं पुरी केली. ती पट्टी बघून सासूबाई चार बायांत म्हणाल्या होत्या, "ठिगळ लावून देल्लं मायनं." मग एक दिवस साडी माझ्या पेटीतून उचलली आणि नणंदेला दिली म्हणून सांगितलं. पुढं आई गेली. तिच्या हातचं दुसरं काहीही माझ्याकडे नाही.

संग्रहालयातली मुलगी शहरात शिकलेली, बोलायला गोड, आमची मराठी समजणारी. तिनं सासूबाईंचे हात हातात घेतले. "अम्मा, ये लाल पट्टी आपने कितना सोचकर डाली है!"

"हौ बेटी, मीच टाकली. मले तसंच पाह्यजे होतं."

माझ्याकडे त्यांनी पाहिलंसुद्धा नाही. खणावरच्या चिठ्ठीत विणणारी म्हणून त्यांचंच नाव होतं. शेजारच्या खणात आजच्या कारागिरांनी विणलेल्या ओढण्या होत्या, तशीच लाल पट्टी घातलेल्या. अम्माच्या साडीवरून शिकलो, असं ते म्हणे सगळीकडे सांगतात.

मी तिथंच ओरडू शकले असते. पण मला त्यांची फजिती चारचौघांत हवी होती, पुरेपूर. अंगणात लोकांना दाखवायला एक माग मांडला होता, पाय सोडायच्या खड्ड्यासकट. मी सासूबाईंना लाडानं म्हटलं, "आत्याबाई, बसा नं. थोडंसं विणून दाखवा सगळ्याईले."

लोकांनी टाळ्या वाजवल्या. आता नाही कसं म्हणणार? उतरल्या खड्ड्यात. सगळा जन्म धानाच्या बांध्यांत, शेतातल्या चिखलात गेलेला, मागाला कधी बोट लावलं नव्हतं. पाय खालच्या फळ्यांवर पडेना. आडव्या सुताचा धोटा उलटा धरून ढकलला, तो दोऱ्यांत अडकला, हिसकला तसे दोरे तटातट तुटले. मानेवर घाम आला. मला आनंद झाला. तो लपवणार नाही, आठवलं की आजही होतो. आता कुणीतरी विचारेल, ही बाई कधी मागावर बसली होती तरी का, याची मी वाट बघत होते.

कुणी विचारलं नाही. मुलीचे डोळे भरून आले. "उमर हो गई. बेचारी के हाथ भूल गए," ती म्हणाली, आणि बाया सासूबाईंच्या पाया पडायला पुढं सरकल्या.

तिथं माझा तोल गेला. "याहीले विणणं कधीच येत नव्हतं! ही साडी माह्या मायनं विणली!"

म्हातारीला मीच खड्ड्यात ढकललंय, अशा नजरेनं मुलगी माझ्याकडे बघायला लागली. "भाभी, इस हालत में तो इनका हुनर मत छीनिए."

सासूबाईंनी वर पाहिलं. त्यांची भीती पार गेली होती. सावकाश हात वर करून म्हणाल्या, "खेच वं मले." मग मुलीकडे वळून, मायेनं, "जाऊ दे बेटी, रागवू नको तिले. तिची माय लवकर मेली. तवापासून तिले सगळं आपल्या मायचंच दिसते."

बाया चुकचुकल्या. मी सासूबाईंना खेचून वर काढलं, कारण हात माझ्यापुढंच धरला होता. मुलीनं माझ्या पाठीवरून हात फिरवला आणि हळूच विचारलं की मी कुणा डॉक्टरला दाखवते का, औषध चालू आहे का.