मागच्या दारावरचा आठवा स्क्रू

"अक्का, उतरा. हळू उतरा. दार आपटू नका."

अक्का मागच्या सीटवर बसल्या होत्या. इंजिन चालू होतं, एसी चालू होता. बाहेर नरडाण्याचं मे महिन्यातलं ऊन होतं. त्यांना उतरायचं नव्हतं.

"बसू दे ना भो. तू तुनं काम कर. मी काय छतले लटकेल शे का?"

मी पुन्हा तेच म्हणालो. माझा आवाज बदलला असावा. पोर्चमध्ये खुर्ची टाकून बसलेले नाना, म्हणजे अक्कांचे यजमान, उठून उभे राहिले. "उतर वं," ते म्हणाले. अक्का उतरल्या. मी हात लांब करून चावी फिरवली, इंजिन बंद केलं आणि चावी खिशात ठेवली.

मी धुळ्यात गाड्यांच्या सीटचं आणि छताच्या अस्तराचं काम करतो. सत्तावीस वर्षं झाली. गाडीच्या आतून छताला जे मऊ कापड दिसतं ते अस्तर. त्याचे तीन थर असतात. वर साच्यातली कडक पाटी, मध्ये पातळ फोम, खाली कापड. आमच्याकडे उन्हात उभ्या राहणाऱ्या गाडीचं छत तव्यासारखं तापतं. काही वर्षांत फोमचा भुगा होतो आणि कापड सुटून खाली लोंबतं. आरशातून मागचं दिसत नाही. कापड डोक्याला लागतं. पक्कं काम करायचं तर पाटी खाली उतरवायची, भुगा खरवडून काढायचा आणि नवं कापड चिकटवायचं. त्याला पूर्ण दिवस लागतो.

नानांचा फोन तीन आठवड्यांपूर्वी आला होता. लग्नसराई होती. दुकानात पाच गाड्या उभ्या होत्या. एका हाताने कापड ताणत मी बोललो.

"नाना, आता जमणार नाही. घरीच पिना मारून घ्या. दोन महिने निघतील."

"फक्त पिना?"

"फक्त पिना. मग मी येतो."

कोणती गाडी आहे, हे मी विचारलं नाही. नानांकडे पूर्वी जीप होती. तिच्या सीट मीच केल्या होत्या. डोळ्यांसमोर तीच जीप होती. ती विकून त्यांनी मुलाची जुनी गाडी घेतली होती, हे मला माहीत नव्हतं.

नरडाण्याच्या एमआयडीसीत एका कंपनीच्या बसच्या सीटचं काम निघालं. ते संपवून त्या दिवशी दुपारी मी नानांकडे गेलो. पुढचं दार उघडून वर पाहिलं. कापड ताणलेलं होतं. एकही सुरकुती नव्हती. पिनाही नव्हत्या. वॉशर घातलेले स्क्रू होते, सारख्या अंतरावर.

नाना कारखान्यात फिटर होते. फिटर माणूस पिन मारत नाही. पिन निघते, हे त्याला माहीत असतं.

"मस्त बसाडेल शेत का नही?" नानांनी विचारलं.

"मस्त," मी म्हणालो. खरंच काम सफाईदार होतं. चालकाच्या बाजूने दारांच्या वरच्या कडेवरून मी तळहात फिरवत मागे नेला. कापड कुठे सैल आहे हे आम्ही हातानेच पाहतो. मग बॅटरीवरचा स्क्रूड्रायव्हर काढला आणि पहिल्या स्क्रूवर टेकवला. तेव्हा समोरच्या काचेशेजारच्या खांबाकडे लक्ष गेलं. त्याच्या प्लास्टिकवर बारीक इंग्रजी अक्षरं उठवलेली होती. एअरबॅग.

स्क्रूड्रायव्हर मी खाली घेतला. बटण दाबलेलं नव्हतं.

या प्रकारच्या गाडीत दारांच्या वर, अस्तराच्या आत, दोन्ही बाजूंना एकेक लांब एअरबॅग घडी करून ठेवलेली असते. तिला पडदा एअरबॅग म्हणतात. तिला जोडलेलं एक लोखंडी नळकांडं असतं. धडक बसली की त्यात स्फोट होतो, गॅस सुटतो आणि डोळ्याची पापणी लवायच्या आत पिशवी पडद्यासारखी खाली उघडते. तिच्या वाटेत स्क्रू असेल तर पिशवी फाटते किंवा स्क्रू उडतो. खाली माणसाचं डोकं असतं. नळकांड्यालाच भोक पडलं तर काय होतं, ते मला त्या दिवशी नक्की माहीत नव्हतं. माहीत नसल्यामुळेच जास्त भीती वाटली.

एअरबॅगमध्ये बिघाड असेल तर डॅशबोर्डवर लाल दिवा लागतो. मी वाकून पाहिलं. दिवा नव्हता. त्याच्या जागी मरून रंगाची टिकली चिकटवलेली होती. नखाने टिकली काढली. खाली दिवा जळत होता.

अक्कांना उतरवलं ते त्यानंतर.

"ही टिकली कोणी लावली?"

"मनी टिकली लिधी यास्नी," अक्का नानांकडे बोट करून म्हणाल्या. "पाकिटमाईन. इचारं बी नही."

"तो दिवा डोयामा खुपे," नाना म्हणाले. "गाडी तं बराबर चाले."

"कधीपासून लागला?"

नानांनी माझ्या नखावरच्या टिकलीकडे पाहिलं. "स्क्रू लाया त्याना दुसरा दिन."

मी बॉनेट उघडून बॅटरीची निगेटिव्ह वायर सोडवली. तरी लगेच हात लावता येत नाही. एअरबॅगच्या डब्यात वीज काही वेळ साठून राहते. दहा मिनिटं थांबायचं असतं. मी वीस मिनिटं थांबलो. तोवर दारातून आत मान घालून स्क्रू मोजले. मधल्या ओळीत चार. डाव्या दारांवर दोन. उजव्या बाजूला एक.

"नाना, किती स्क्रू लावले?"

"आठ."

"सात दिसतात."

"आठ लायात. बारानं पाकीट व्हतं, चार उरनात." ते घरात गेले आणि पाकीट घेऊन आले. चार होते. दीड इंची.

"उजवीकडचा दुसरा कुठे आहे?"

"मांगला दारवर. तो धरेच ना. फिरी फिरी मधमा गया. वॉशर निंघी गयं. मी म्हनं, जाऊ दे."

मागचं उजवं दार. अक्का तिथेच बसल्या होत्या. थोड्या वेळापूर्वी माझा तळहातही त्याच कडेवरून गेला होता.

धुळ्याला विजय नावाचा माझ्या ओळखीचा ऑटो इलेक्ट्रिशियन आहे. मोठ्या वर्कशॉपमध्ये एअरबॅगचं काम तोच करतो. त्याला फोटो पाठवले. त्याने लगेच फोन केला.

"कुठे आहेस?"

"गाडीबाहेर."

"बाहेरच राहा. कडेच्या एकाही स्क्रूला हात लावू नको. गाडी चालवत आणू नको. उचलून आण, आणि आत कोणी बसायचं नाही."

गाडी उचलून न्यायला ट्रक आला. नाना ट्रकच्या केबिनमध्ये बसले. मी मोटारसायकलवर मागून निघालो. हायवेवर प्रत्येक खड्ड्याला गाडी पट्ट्यांमध्ये हलायची. मी अंतर वाढवत गेलो. धुळं येईपर्यंत ट्रक मला नुसता ठिपक्याएवढा दिसत होता.

वर्कशॉपमध्ये विजयने आम्हा दोघांना पिवळ्या पट्टीमागे उभं केलं. खांबांचं प्लास्टिक काढलं, दारांवरची हँडलं काढली. कडेचे स्क्रू त्याने हाताने, पाव पाव फेरा देत सोडवले. मग अस्तराची पाटी एका बाजूने खाली घेतली आणि टॉर्च लावला.

"या. लांबून बघा."

आठवा स्क्रू नळकांड्याला टेकून तिरपा अडकला होता. टोकाने नळकांड्यावर चकचकीत ओरखडा काढला होता. जाताना त्याने शेजारच्या, एअरबॅगच्या पिवळ्या वायरचं प्लास्टिक सोललं होतं. दिवा त्यामुळे लागला होता.

"गाडी जोरात आदळली असती तर?" मी विचारलं.

"काही झालं नसतं. किंवा झालं असतं." विजयने टॉर्च बंद केला. "या अवस्थेतल्या एअरबॅगबद्दल कोणीच काही सांगू शकत नाही."

तीन आठवडे नाना ती गाडी चालवत होते. शिरपूरला दोनदा, धुळ्याला चारदा. अक्का प्रत्येक वेळी मागे बसल्या होत्या, कारण पुढे एसीचा झोत तोंडावर येतो. नाना तिथल्या स्टुलावर बसले. आपले दोन्ही हात त्यांनी मांडीवर उलटे ठेवले आणि त्यांच्याकडे पाहत राहिले.

"मी पिना सांगितल्या होत्या," मी म्हणालो.

"पिनाच सांग्यात तू," ते म्हणाले. "पन गाडी कोनती, हाई तू इचारं नही."

त्यांच्या आवाजात राग नव्हता. विधान बरोबर होतं.

एअरबॅग आणि वायर नवी बसली. अस्तर मी केलं. गाडी पोचवायला नरडाण्याला गेलो, तेव्हा अक्कांनी आधी डॅशबोर्ड पाहिला. दिवा नव्हता, टिकलीही नव्हती. मग मागचं दार उघडून वर पाहिलं आणि दार लावलं. त्या पुढे बसल्या.

लग्नसराईत असे फोन आजही येतात. मी आधी गाडी कोणती ते विचारतो आणि फोटो मागवतो. खांबावर ती अक्षरं दिसली की सांगतो, छताला काही टोचू नका. आरसा झाकला जात असेल तर गाडी काढू नका, नसेल तर लोंबू द्या.

"लोंबू द्या? मग उपाय काय सांगितला तुम्ही?" लोक चिडतात.

मी चिडू देतो.