साठ ते सत्तरच्या मधला आवाज

यशवंत गायकवाड मिस्त्री सोमवारी सकाळी साडेदहाच्या सुमारास बिबवेवाडीतल्या आपल्या गॅरेजात वारले. कारण हृदयविकार. त्यांची मुलगी सुजाता हिचा फोन आला, तेव्हा मी नुकताच वर्तमानपत्राच्या कार्यालयात पोचलो होतो. त्यांनीच दुरुस्त केलेल्या गाडीतून. याला आज सहा आठवडे झाले.

गाडी माझ्या वडिलांची, जुनी. तिच्या मागच्या अ‍ॅक्सलमधला डिफरन्शियल त्या काळी क्वचित दिसणारा: वळणावर दोन्ही चाकांना वेगवेगळे फिरू देणारा, पण एक चाक चिखलात नुसते गरगरू लागले तरी दुसऱ्याला ताकद पोचवणारा. शहरात आता नव्या गाड्यांची झुंबड आहे, हिंजवडीकडे कंपन्यांच्या बसची रांग लागते, आणि चार गॅरेजवाल्यांनी मला ही गाडी भंगारात घालायला सांगितले होते. गायकवाडांनी डिफरन्शियल खाली उतरवला, आतल्या झिजलेल्या क्लचप्लेटा वर्तमानपत्रावर ओळीने मांडल्या आणि म्हणाले, ‘‘तुमचाच पेपर आहे. आज पहिल्यांदा कामाला आला.’’

नव्या प्लेटा बसल्या. मग आतल्या चक्रांच्या दातांचे काम. दातांना निळा रंग लावायचा, चक्र हाताने फिरवायचे, रंग दातावर नेमका कुठे पुसला गेला ते पाहायचे. मग शिम, म्हणजे दातांमधले अंतर साधणारी कागदासारखी पातळ पोलादी चकती, बदलायची आणि पुन्हा पहिल्यापासून. ‘‘अजून किती दिवस?’’ असे मी एकदा विचारले. ‘‘घाई असेल तर बाहेर रिक्षा आहे.’’

शेवटची परीक्षा कानाची. गाडी घोड्यांवर, म्हणजे लोखंडी तिवयांवर, चढवून, चाके फिरती ठेवून ते लांब स्क्रू ड्रायव्हरचे टोक अ‍ॅक्सलला लावत आणि मूठ कानाला. त्या दिवशी त्यांनी मूठ उजव्या कानाला लावली, मग डाव्या, मग पुन्हा उजव्या... आणि स्क्रू ड्रायव्हर खाली ठेवला.

‘‘उजवा केव्हाच गेलाय. आता डावाही. साहेब, रस्त्यावर तुम्हीच ऐका. सुजाताला बोलू नका, गॅरेज बंद करायला लावेल.’’

सोलापूर रस्त्यावर मी गाडी चालवायचो, ते मागे बसायचे. वेग साठ ते सत्तरच्या मध्ये असला की मागून बारीक, एकसुरी आवाज यायचा. दाराबाहेर कोणी न थांबता गुणगुणत असावे तसा. दोनदा मी खरे सांगितले. दोनदा त्यांनी सगळे पुन्हा उतरवले. दुसऱ्या वेळी गाडीखालून निघताना त्यांना भिंत धरून उठावे लागले.

तिसऱ्या वेळी, लोणी काळभोरच्या अलीकडे, त्यांनी विचारले, ‘‘येतोय?’’

‘‘नाही,’’ मी मोठ्याने म्हणालो.

‘‘नक्की?’’

मी मान जोरात हलवली. ‘‘नक्की, मिस्त्री.’’

आरशात ते दिसले. पुढे वाकलेले, तळहात गाडीच्या तळाला टेकवलेला. मला वाटले, तोल सावरत असतील. ‘‘बरं,’’ म्हणाले. त्यानंतर नवव्या दिवशी ते वारले.

आवाज अजून आहे. साठला सुरू होतो, सत्तरला थांबतो. गाडी बंद असतानाही कधी कधी ऐकू येतो असे वाटते. घरातून खाली जाऊन तपासले आहे, येत नाही.

गेल्या आठवड्यात सुजाताने गॅरेज रिकामे करताना मला बोलावले. तिने तो स्क्रू ड्रायव्हर माझ्या हातात दिला. मुठीची मागची बाजू कानाने गुळगुळीत झालेली.

‘‘काका, बाबांना ऐकू येत नव्हतं, तुम्हाला माहीत होतं ना?’’

‘‘हो.’’

‘‘मलाही होतं. घरी मी मुद्दाम मोठ्यानं बोलायचे. त्यांना वाटायचं, मुलगी भांडकुदळ निघाली.’’

मग तिने टेबलाच्या खणातून एक लहान पाकीट काढले. आत एक नवी शिम होती. पाकिटावर पेन्सिलीने लिहिले होते: ‘साहेबांची गाडी. आवाज आहे, हाताला लागतो. साहेब थकलेत. महिन्याने बोलवू.’

खाली तारीख आहे. तिसऱ्या फेरीच्या दिवसाची.