सोमवारी ती टोपलीशिवाय यायची

आईला डॉक्टरांनी मासे बंद केले आहेत, असं मी एका बाईला सांगितलं. ते खोटं होतं. आईची तब्येत तेव्हा माझ्यापेक्षा चांगली होती. ती पंचाहत्तरीची आणि मी चोपन्नचा. पण रक्तदाबाची गोळी मी घेतो, ती घेत नाही.

ती बाई म्हणजे आमच्याकडे मासे घेऊन येणारी कोळीण. मी शाळेत जायला लागलो त्याच्याही आधीपासून ती आमच्या दारात येते. मी तिला मावशी म्हणतो. आमचं घर चौलला, मागे थोड्या सुपाऱ्या आणि नारळ. आमच्या आळीत पूर्वी सहा-सात चुली पेटायच्या. आता राहतं घर आमचं एकच. बाकीच्या जागांवर मुंबईकरांचे बंगले झाले, शनिवारी उघडणारे आणि रविवारी संध्याकाळी बंद होणारे. त्यामुळे मावशी आळीत वळायची ती फक्त आईसाठी. ही गोष्ट माझ्या लक्षात यायला फार उशीर झाला.

अठ्ठावीस वर्षं मी न्हावा शेव्याला कंटेनरच्या यार्डात काढली. राहायला पनवेलला. चाळीस फुटी डबे कुठे ठेवायचे, कोणत्या क्रमाने उचलायचे, हे माझं काम. दोन वर्षांपूर्वी नोकरी सोडून गावी आलो. बायकोची नोकरी अजून पनवेलला आहे, ती शनिवारी येते. गावी आल्यावर हातांना काही काम नव्हतं, म्हणून मी घराचंच यार्ड केलं. ओट्यावरची जुनी शहाबादी फरशी काढून पांढऱ्या लाद्या बसवल्या. फाटक केलं, त्याला कडी केली. आईला औषधं नव्हती, तरी तिच्या गोळ्यांसाठी वारांच्या खणांची डबी आणली; ती रिकामीच राहिली.

त्याच दिवसांत मी सकाळी उठून ओळखीच्या सगळ्यांना फोनवर संदेश पाठवायचो. म्हातारपणी आनंद छोट्या गोष्टींत शोधावा, अशा अर्थाचे. चहाच्या कपाचं, प्राजक्ताच्या फुलांचं चित्र असायचं. आईलाही पाठवायचो. ती स्वयंपाकघरात, मी ओट्यावर. ती चष्मा लावून वाचायची आणि म्हणायची, “बरं हाय. आता चहा हवा का ते तोंडाने सांग.”

तिचा स्वतःचा आनंद रोज सकाळी दहाच्या सुमारास आळीच्या तोंडाशी हाक मारायचा. मला तो ऐकू यायचा, पण मी त्याला गोंगाट समजत होतो.

मावशी टोपली ओट्यावर टेकवायची. आई पाट घेऊन समोर बसायची.

“काय आणलंस?”

“बोंबील हाय. बघ गो बाय, काचेसारखा.”

“कालचा काय गो?”

“कालचा तुझा नवरा होता! हा पहाटेचा हाय.”

माझे वडील जाऊन नऊ वर्षं झाली. त्यांच्यावरून अशी थट्टा करायची परवानगी सगळ्या गावात एका मावशीलाच होती. आई इतकी हसायची की पदर तोंडाला लावायची. मग माशांचा वाटा लावला जायचा. आई म्हणायची लहान आहे, मावशी म्हणायची तुझे डोळे लहान झाले. शेवटी मावशी दोन मांदेल्या वर टाकायची आणि त्या मांजरीच्या म्हणून टाकल्या असं सांगायची. हे सगळं अर्धा तास चालायचं. एका वाट्यासाठी अर्धा तास! यार्डात तेवढ्या वेळात आम्ही दहा डबे हलवायचो.

सोमवारी आई मासे खात नाही. तरी मावशी सोमवारी यायची, टोपलीशिवाय, हात हलवत. बाजारात बसायला जाताना वाट वाकडी करून यायची. मग दोघी ओट्यावर चहा प्यायच्या. आई दोन कप आधीच काढून ठेवायची. त्या दिवशी घासाघीस नसायची, म्हणून गुडघे, सुना आणि गावातली लग्नं यांवर बोलणं व्हायचं. मला वाटायचं, हिला दुसरे उद्योग नाहीत का?

दिवाळीनंतर एका रविवारी माझे यार्डातले दोन जुने सहकारी बायकामुलांसह आले. मी त्यांना ओटा दाखवत होतो, तेवढ्यात मावशी आली. आईने नेहमीसारखं विचारलं, “कालचा काय गो?” टोपलीतून पाणी गळत होतं. पांढऱ्या लाद्यांवर तपकिरी ओघळ गेले. मी म्हणालो, “जरा खाली ठेवा ना टोपली, पायरीवर.”

मावशीने माझ्याकडे बघितलं, मग पाहुण्यांकडे. “बघा, सायब मना पायरी दाखवतो. याला मी याच ओट्यावर नागडा बघितलाय, हातात सुकटाची मूठ घेऊन पळताना!”

सगळे हसले. त्यांत कोणाच्याच मनात काही वाईट नव्हतं. मुलं तर मला पुन्हा पुन्हा विचारत होती, काका, खरंच का? मला मात्र कानामागे गरम झालं.

दुसऱ्या दिवशी सोमवार. मी फाटकाशी उभा राहिलो. आई मागे वाडीत सुपाऱ्या गोळा करत होती. मावशी हात हलवत आली तेव्हा मी डॉक्टरांनी मासे बंद केल्याचं ते वाक्य बोललो. वर म्हणालो, “उद्यापासून तुम्ही येऊ नका. मासे बघितले की तिला त्रास होतो.”

“मना तू कवापासून तुम्ही बोलायला लागलास?” ती म्हणाली. मग तिला माझ्या बोलण्याचा अर्थ कळला असावा. तिने कडीवर ठेवलेला हात काढून घेतला. “लय झालंय का तिला?”

मी मान हलवली. हो की नाही, ते मलाच सांगता येणार नाही, अशी.

ती आत आली नाही. ओट्यावर दोन कप तसेच होते.

त्यानंतर मी पनवेलहून साफ करून बंद पाकिटात येणारे मासे मागवू लागलो. काटे काढलेले, एकसारखे तुकडे. आई ते शिजवायची आणि खायची. दहा वाजता ती ओट्यावर यायची, आळीच्या तोंडाकडे बघायची, मग तांदूळ निवडायला घ्यायची. निवडलेलेच तांदूळ. एका आठवड्याने ती म्हणाली, “रागावली ती. पाहुण्यांसमोर मी तिला कालचा काय म्हटलं. एरवी म्हणते ते वेगळं. परक्यांसमोर कोळणीच्या मासळीला शिळी म्हणायचं नसतं. माझंच तोंड वाईट.”

मी तिच्या समोर बसलो होतो. एवढंच म्हणायचं होतं की तुझं नाही, माझं. मी म्हणालो, “जाऊ दे गं. येईल.”

आणि याच काळात, सांगायला लाज वाटते, मी स्वतः सुखात होतो. पहाटे खाडीच्या बाजूने फिरून यायचं, येताना गरम पाव आणायचा, चहात बुडवून खायचा. वाडीत पाट सोडायचा आणि पाणी झाडांच्या आळ्याआळ्यांत फिरताना बघत बसायचं. यार्डात असताना दिवस संपतो कधी याची वाट बघायचो. आता सकाळ संपू नये असं वाटायचं. वय वाढतं तसं सुख लहान होत जातं आणि म्हणून हातात मावतं, असं मला खरोखरच कळू लागलं होतं. पण माझ्या प्रत्येक सुखात एक गोष्ट होती, ती मी बघत नव्हतो. पाववाला मला थांबवून चौकशी करायचा. पाणी कुठे अडलं ते आई मागून ओरडून सांगायची. एकट्याने घेतलेलं असं त्यांत एकही नव्हतं. आईच्या सोमवारच्या चहातला चहा मी तेवढा ठेवला होता आणि माणूस काढून घेतलं होतं.

संक्रांतीच्या आधी रेवदंड्याच्या बाजारात गूळ घ्यायला गेलो. मासळीच्या रांगेत मावशी बसली होती. तिने मला पाहिलं आणि हातानेच बोलावलं.

“बाय कशी हाय?”

“बरी आहे.”

“भात जातो पोटात?”

“जातो.”

“मी त्या आळीत वळत न्हाय हां. मासळी सोडलेल्या माणसाच्या कानावर आमची हाक पडली ना, तर जीव तळमळतो. वासही नको म्हणून लांबून जाते.”

शेजारी बसलेली तिची सून हसली. “दादा, तुम्हीच समजवा यांना. दोन महिने झाले, बोंबील सोडलाय. नवस केलाय, तुमची आई खाईल तेव्हाच खाणार.”

“तू गप गो,” मावशी म्हणाली. “बोंबील काय, वरसभर मिळतो.”

बोंबील हा तिचा जीव. लहानपणी आई मला सांगायची की ही कोळीण असूनही सगळ्यात चांगले बोंबील विकत नाही, घरी खाते.

तिने टोपलीमागच्या पिशवीतून नारळ काढला. देवीपुढे ठेवून आणला होता, कुंकू लागलेला. “हा तिच्या हातात दे. खोबरं खाऊ दे थोडं. खोबरं तर चालतं ना तिला?”

मी नारळ घेतला. तिथेच, तेव्हाच बोलायला हवं होतं. रांगेतल्या सगळ्या बायका ऐकत होत्या आणि मला पुन्हा तीच लाज वाटली. फरक एवढाच की या वेळी ती खरी होती. मी “हो, चालतं” म्हणालो आणि निघालो. गूळ घ्यायचा राहिला.

नारळ आईच्या हातात देता येईना. कोणी दिला, कशासाठी दिला, हे सांगावं लागलं असतं. दोन दिवस तो गाडीच्या डिकीत होता. गाडी वळली की तो आत गडगडायचा.

सोमवारी सकाळी आई चहा टाकत होती. तिने फळीवरून दोन कप काढले. मग एक परत ठेवला. पाठमोरी होती, मी बघतोय हे तिला माहीत नव्हतं. मी गाडीची चावी घेतली.

मावशी घरीच भेटली. मी म्हणालो, “आईने बोलावलंय.” हे पण खोटं, पण शेवटचं. तिला वाटलं असणार, शेवटची भेट आहे. आळीत वळताना तिने पदर डोक्यावर घेतला.

आई ओट्यावर तांदूळ पाखडायचं सूप घेऊन बसली होती. मावशीला बघून उठली. दोघी एकमेकींकडे बघत राहिल्या. एक दुसरीच्या अंगावर आजार शोधत होती, आणि दुसरी पहिलीच्या चेहऱ्यावर राग.

“बरी दिसतेस गो,” मावशी म्हणाली.

“मला काय झालंय? तूच रुसलीस,” आई म्हणाली.

“मी?”

मग दोघींनी माझ्याकडे पाहिलं. मी नारळ ओट्यावर, त्या पांढऱ्या लाद्यांवर ठेवला आणि पायरीवर बसलो. उभं राहून बोलता आलं नसतं.

“मावशी, आईला काही झालेलं नाही. डॉक्टरांनी काही बंद केलेलं नाही. आई, ती रुसली नव्हती. मी तिला खोटं सांगून फाटकातून परत पाठवलं. पाहुण्यांसमोर मला तुझी लाज वाटली, मावशी. जिने मला या ओट्यावर पळताना बघितलं, तिची. आई दोन महिने स्वतःला दोष देत होती आणि मी समोर बसून ऐकत होतो. तू बोंबील सोडलास, ते कळल्यावरही मी बोललो नाही. मी चुकलो. माझं वय झालं म्हणून नाही, मला कळत नव्हतं म्हणून नाही. कळत असून चुकलो. आई, मला माफ कर. मावशी, तूही कर, आणि नाही केलंस तरी रोज ये. टोपली इथे वर ठेव, लाद्यांवर.”