गोणपाटाची गादी

केंद्रात तिला सगळे दाभणमावशी म्हणत. दाभण म्हणजे पोती शिवायची जाड सुई. ती तिच्या हातात असायची, आणि जिभेवरही असते असं लोक म्हणत. खरं तर मावशी फार बोलत नसे. कुणी पोत्याचं तोंड ढिलं शिवलं की ती ते त्याच्यासमोर उसवायची, त्याच्याच पुढ्यात टाकायची आणि विचारायची, "हे पोतं आहे की मासे धरायचं जाळं?" एवढंच. पण ज्याला विचारलं त्याचा टाका पुन्हा ढिला पडत नसे.

हे बियाणं सुधारण्याचं केंद्र वस्तीबाहेर, खडकाळ माळावर होतं. तिथे एरंड लावत. औषधाच्या तेलासाठी नव्हे, गाडीच्या इंधनासाठी. जिथे धान्य उगवत नाही तिथे हे झाड उगवतं. माणसाच्या ताटातलं काही न काढता इंजिनाचं पोट भरेल, असं साहेब पाहुण्यांना सांगत. सुरुवातीची झाडं माणसाच्या दुप्पट उंच होती. घड एकेक करून पिकायचे, बोंडं उन्हात तडकायची आणि बी चहूकडे उडायचं. निवड करत करत आता छातीएवढं झाड आलं होतं, सगळे घड एकदम पिकणारं, न तडकणारं. इतकी वर्षं तेच ते चाललेलं पाहून माणसं म्हणत, एरंडाचं गुऱ्हाळ म्हणतात ते हेच. पण केंद्राचा ट्रॅक्टर पहिल्यांदा त्या तेलावर चालला, तेव्हा हीच माणसं त्याच्यामागून धूर हुंगत फाटकापर्यंत चालत गेली. त्यांत मावशीही होती.

नवरा गेला तेव्हा मुलगा शाळेत होता. तेव्हापासून ती इथे. आधी तोडणीला, मग मळणीला, मग पोत्यांच्या खोलीत. काम ऐकायला सोपं. रिकामं पोतं उलटं करायचं, काठीने झोडायचं, शिवणीत बोटं घालून चाचपायचं. एका जातीचं एक बी जरी शिवणीत राहून दुसऱ्या जातीत मिसळलं, तरी कित्येक हंगामांची निवड मातीत जाते. झोडून झालं की फाटलेलं शिवायचं. दिवसभर वाकून हे केलं की संध्याकाळी पाठ लगेच सरळ होत नाही. सुतळीने बोटांची टोकं अशी तासली जातात की भांडं गरम आहे की गार, तेही धड कळत नाही.

भीती तिला सुरुवातीपासून होती, पण ती बियांची. एरंडीच्या बीत विष असतं, चावून खाल्लं तर मरायला मूठभरही लागत नाही, असं मुकादमाने कामावर घेतानाच सांगितलं होतं. बी दिसायला देखणं, ठिपक्याठिपक्यांचं, पोराला खेळायला घ्यावंसं वाटेल असं. म्हणून फाटकाबाहेर पडण्याआधी ती खिसे उलटे करायची, बाह्या झटकायची, चपला आपटायची. इतक्या वर्षांत तिच्या घरात एरंडीचं एक बी आलं नाही.

दुसरी भीती मापाड्यामुळे आली. मापाडी शेजारच्या खोलीत काट्यावर पोती तोलायचा. बडबड्या माणूस. दोन-तीन वर्षं त्याला काही झालं नाही. मग शिंका सुरू झाल्या, डोळे चुरचुरू लागले. "बायको आठवण काढते, दुसरं काय," असं तो म्हणायचा. एक दिवस तो काट्याला टेकून खाली बसला तो उठेना. तोंड उघडं, मान ताणलेली, ओठ निळे पडत चाललेले. बंद खिडकीच्या फटीतून वारा शिरावा तसा आवाज त्याच्या छातीतून येत होता. त्याला काखेत धरून बाहेर ओढत नेलं ते मावशीनेच.

तो वाचला, पण कामावर परतला नाही. डॉक्टरांनी सांगितलं, एरंडीची धूळ काहींच्या अंगाला अशी लागते की पुढे चिमूटभरही पुरते. कुणाला लागेल आणि कधी, हे आधी कळत नाही. मग केंद्रात नियम झाला. कामाचे कपडे तिथेच ठेवायचे आणि अंघोळ करूनच घरी जायचं. बाकीचे तोंडावर पाणी मारून पळत. मावशी डोक्यावरून न्हायची, थंडीतही.

मुलगा मोठा झाला, मालट्रक चालवू लागला, त्याचं लग्न झालं. तो आठवडा आठवडा बाहेर असे. घरात दोघीच, मावशी आणि सून. सून घरी मशीनवर पडदे शिवायची. हात चांगला होता. मावशीने सुरुवातीलाच तिचा एक पडदा उलटा करून टाके पाहिले होते आणि काही न बोलता परत ठेवला होता. मावशीकडून यापेक्षा मोठं कौतुक कुणाला मिळालेलं नव्हतं.

सुनेला दिवस गेले. पोट दिसू लागलं तशी लाकडी स्टुलावर बसून तिची पाठ भरून यायला लागली. मावशीने तिच्यासाठी गादी केली. डागडुजीच्या पलीकडे गेलेली पोती केंद्रातून कुणीही घेऊन जाई. त्यातली वर्षानुवर्षं तेल मुरलेली, मऊ पडलेली तिने निवडली. वरची खोळ सोडा घालून उकळली, दोनदा धुतली. आत भरायचे तुकडे मात्र नुसते झोडून घेतले, कारण भिजलेलं गोणपाट वाळलं की त्याचे गोळे होतात आणि गादी टोचते. पोत्याचं काम करणाऱ्या कुणालाही हे ठाऊक असतं. कडेने दुहेरी टाका घातला.

"आई, यावर बसलं की कारखान्याची मालकीण झाल्यासारखं वाटतं," सून म्हणाली.

"मग मालकीणबाई, पडदे कधी पुरे होणार?" मावशी म्हणाली. पण त्या दिवशी ती खुशीत होती.

काही आठवड्यांनी सुनेला शिंका येऊ लागल्या. सर्दी म्हणून काढा झाला, वाफ झाली. मग एका संध्याकाळी मावशी न्हाऊन, ओले केस घेऊन घरी आली. मशीन चालू होतं. मशीनच्या खडखडाटाखालून तिला तो आवाज ऐकू आला. फटीतून शिरणारा वारा. ती दारातच थांबली. हातातली पिशवी खाली ठेवावी हेही तिला सुचेना.

डॉक्टरीणबाईंनी तपासलं. घरात कुणी धुळीत काम करतं का, असं विचारलं. मावशीने सांगितलं की मी करते, पण कपडे तिथेच ठेवून, न्हाऊन येते. बाईंनी मान डोलावली. कापडाचा बारीक तंतू छातीत जात असेल, शिवण बंद ठेवा, म्हणाल्या. तोंडाने ओढायचा एक पंप लिहून दिला. निघताना मावशीला बाजूला घेऊन म्हणाल्या, "तिचा श्वास दोघांना पुरायचा आहे. हयगय करू नका."

मशीनवर चादर पडली. सुनेला उतार पडला. मावशी बऱ्याच दिवसांनी पोटभर जेवली. सून आता दिवसभर खाटेवर टेकून असायची आणि पाठ दुखते म्हणायची. तेव्हा मावशीने स्टुलावरची गादी उचलून तिच्या पाठीशी लावली. रोज सकाळी कामावर जाण्याआधी ती गादी काढायची, दोन्ही हातांनी थोपटून फुगवायची आणि परत नीट बसवायची.

मग ते परत आलं, आणि आधीपेक्षा वाईट. बोलताना सुनेला वाक्य मध्येच तोडावं लागे. दारापुढच्या दोन पायऱ्या चढली की ती कठडा धरून उभी राही. पोटावर हात ठेवून ती वाट बघायची, आत बाळ हललं की मगच पुढे पाऊल टाकायची. मावशीही तिथेच थांबून वाट बघायची.

आता मशीन बंद होतं. तंतू नव्हता. मग उरलं कोण? मीच, असं मावशीने धरलं. ती केंद्रात न्हायची आणि घरी येऊन मोरीत पुन्हा न्हायची. केसांत धूळ राहत असेल म्हणून तिने कात्रीने वेणी मानेशी कापून टाकली. स्वयंपाकघरात झोपू लागली. सुनेच्या हातात ताट द्यायचं बंद केलं. दारात ठेवून मागे सरायची.

सुनेला ते लागलं. "आई, माझं काही चुकलं का?"

"नाही ग. माझ्या अंगाला वास येतो."

"मला नाही येत."

"तुला नको यायला."

ती सुनेच्या अंगाला बोट लावेना. फक्त सकाळची गादी तेवढी फुगवून देई. तेवढं तरी केलंच पाहिजे, असं तिला वाटे.

शेवटी एका सुट्टीच्या दिवशी ती मापाड्याकडे गेली. तो आता घराच्या ओट्यावर कुलपं दुरुस्त करायचा. तिने सगळं सांगितलं आणि विचारलं, काम सोडलं तर माझ्या अंगातून हे किती दिवसांनी निघेल? मापाड्याने हातातलं कुलूप ठेवलं, उठला आणि तिच्या अगदी जवळ येऊन उभा राहिला. वाकून तिच्या केसांपाशी, बाहीपाशी श्वास घेतला. काही झालं नाही.

"तू स्वच्छ आहेस, दाभणबाई," तो म्हणाला. "नुसता साबणाचा वास येतोय."

मावशीला रडू फुटलं. पण ते पुरतं यायच्या आत दुसरा विचार आला. मी नाही, तर मग घरात काय आहे?

मापाडी म्हणाला, येतो, दारात उभा राहून बघतो. आतून त्याची बायको म्हणाली, "तुम्ही काय कुत्रं आहात, लोकांची घरं हुंगत फिरायला?" पण तो सदरा बदलून निघाला.

ते पोहोचले तेव्हा सून स्वयंपाकघरात पाणी प्यायला गेली होती. मापाडी खोलीच्या दारात थांबला. आत आला. नाक एकदा पुसलं. भिंतीपाशी गेला, मशीनपाशी गेला, चादर उचलून पाहिली. काही नाही. खाटेच्या बाजूला वळला तसे त्याचे डोळे पाणावले. मावशीच्या ते ध्यानात आलं नाही. आलेल्या माणसाला उभं ठेवू नये एवढंच तिच्या मनात होतं. तिने खुर्ची ओढली, सवयीने खाटेवरची गादी घेतली, दोन थापा मारून फुगवली आणि खुर्चीवर ठेवली.

"बसा, मापाडीभाऊ."

खिडकीतल्या उन्हात धूळ उडाली. मापाडी एकदा शिंकला, पुन्हा शिंकला, आणि मग शिंका थांबून तो आवाज सुरू झाला. मान ताणली गेली. त्याने बोट उचलून गादीकडे दाखवलं. बोलता येत नव्हतं.

मावशीने गादीकडे पाहिलं. स्वतःचा दुहेरी टाका पाहिला. तेवढ्यात सून दारात आली.

"आत येऊ नकोस," मावशी म्हणाली. "पंप घे आणि रस्त्यावर जा."

तिने मापाड्याला काखेत धरलं आणि पूर्वी ओढलं होतं तसंच बाहेर ओढलं. तेव्हा ती तरुण होती. या वेळी उंबऱ्याशी तिचा गुडघा वाकला, तरी तिने त्याला सोडलं नाही. पायरीवर टेकवलं. त्याने स्वतःचा खिसा चाचपला. त्याचा पंप घरी, बदललेल्या सदऱ्यात राहिला होता. सुनेने आपला त्याच्या तोंडाला लावला. त्याने ओढला. आणि मग सुनेच्याही छातीतून शिट्टी वाजायला लागली.

शेजारच्या माणसाने गाडी आणायला धाव घेतली. गाडी येईपर्यंत दोघं पायरीवर एकमेकांशेजारी बसून होती आणि पंप या हातातून त्या हातात जात होता. सून हलवून पाहायची, आत काही उरलंय का. मग मापाड्याकडे द्यायची. तो ओढायचा आणि घाईने परत करायचा, तिच्या पोटाकडे बघत. मावशी दोघांसमोर उभी होती. पाठ चोळावी, पाणी द्यावं, असं तिच्या मनात होतं. पण त्याच हातांनी गादी थोपटली होती. तिने ते मागे धरून ठेवले. दोन छात्या तिला ऐकू येत होत्या. त्यातली एक मध्येच थांबली की तिचाही श्वास थांबायचा, ती परत सुरू होईपर्यंत.

दोघं वाचली. मापाड्याला लवकर घरी सोडलं, सुनेला उशिरा. डॉक्टरीणबाई रागावल्या नाहीत, आणि तेच मावशीला जास्त लागलं. गादी तिने ओल्या कापडात गुंडाळून पिंपात बुडवली आणि मग माळावर खोल खड्डा खणून पुरली. खडक होता, पहार मारून हात सोलले, पण खड्डा उथळ ठेवला नाही. घर ओल्या फडक्याने पुसलं, झाडू लावला नाही. मग साहेबांना जाऊन सांगितलं. नियम कपड्यांचा होता, पोत्यांचा कुणाला सुचला नव्हता. कुणी पोत्यांची पायपुसणी केली होती, कुणी दाराचे पडदे. मावशीने घरोघर जाऊन ती मागून आणली. काहींनी दिली, काही हसले.

ती आता पोत्यांच्या खोलीत नसते. या वयात पुन्हा तोडणीला जाते. उभ्या झाडाची धूळ नसते, म्हणतात. या 'म्हणतात'वर तिचा पुरता विश्वास नाही. संध्याकाळी दोनदा न्हाऊन ती घराशी येते आणि उंबऱ्याबाहेर उभी राहते. आत मशीन चालू असतं. सुनेला तिची चाहूल लागते, आणि ती मशीन थांबवते.

"या आई, शिट्टी नाही."

मावशी तरी ऐकते. सुनेचा श्वास दारातून ऐकू येतो, मोकळा. पण पाळण्यातल्या मुलीचा येत नाही. तान्ह्याचा श्वास एवढा लहान असतो. त्यासाठी आत जावं लागतं, पाळण्यावर वाकावं लागतं. मावशी हात मागे धरते आणि वाकते.