जासईच्या अलीकडे तुटलेला पट्टा

देवीवर माझा विश्वास नव्हता असं नाही, पण त्या वर्षी मी तिच्यावर रुसले होते. नव्वदच्या दशकातली गोष्ट. माझे यजमान तळोज्याच्या एका रसायनांच्या कारखान्यात होते. एका पाळीला नळी निसटली, वाफ डोळ्यांत गेली, आणि पुढचे कित्येक दिवस त्यांनी डोळ्यांवर पट्टी बांधून काढले. दृष्टी वाचली. डॉक्टरांनी वाचवली असं मी म्हणायचे, देवीनं वाचवली असं सासूबाई. त्यांचं माहेर उरणचं आणि देवीही माहेरचीच. लेकाला दिसायला लागलं की ओटी भरायला येईन, असं त्या बोलल्या होत्या. डोळे वाचवायचेच होते तर वाफ आधी येऊच कशाला दिली, हा प्रश्न माझ्या मनात सारखा घोळायचा. सासूबाईंच्या तोंडाकडे बघून तो मी गिळून टाकायचे.

यजमानांना अजून उन्हात बाहेर पडायला मनाई होती. म्हणून मीच सासूबाईंना घेऊन निघाले. आमच्याकडे वापरलेली घेतलेली एक पेट्रोलची गाडी होती, आणि नेरूळच्या आमच्या सोसायटीत तेव्हा गाडी चालवणाऱ्या बायका मोजक्याच होत्या. सासूबाईंना मधुमेह होता, म्हणून निघताना विचारलं, "आई, गोळी घेतली? पोहे खाल्ले?" त्या म्हणाल्या, "घेतली गो, खाल्लं पन. चाल तू." ओटीचं ताट मांडीवर घेऊन त्या मागच्या सीटवर बसल्या आणि हळूहळू त्यांचं पुटपुटणं थांबलं. डोळा लागला असेल, असं मला वाटलं.

उरणच्या रस्त्यावर जासई यायच्या थोडं अलीकडे इंजिन गप्प झालं. धक्का नाही, धूर नाही, मोठा आवाज नाही. बोलता बोलता माणूस थांबावा तसं. गाडी घरंगळत कडेला घेतली आणि चावी फिरवली. एरवी स्टार्टर जड कण्हायचा, आज तो रिकाम्या रहाटासारखा सुळसुळ फिरत होता. मी पुन्हा फिरवली, पुन्हा फिरवली. शेजारून कंटेनरचे ट्रेलर जात होते आणि प्रत्येक वेळी आमची गाडी हलत होती. मला रडू येत होतं, पण त्याहून जास्त राग येत होता. तुझ्याच दारी येतोय ना आम्ही, मग हे काय, असं मी देवीला मनातल्या मनात विचारत होते.

तेवढ्यात एक स्कूटर पुढे जाऊन थांबली. पांढरी दाढी, डोक्यावर जाळीची टोपी असे एक वयस्कर गृहस्थ उतरून आले. "ताई, चावी सोडा. आता अजिबात फिरवू नका," ते म्हणाले. जहाजांवर इंजिनिअर म्हणून त्यांची नोकरी झाली होती आणि आता ते उरणला घरी असत. "आवाजावरून टायमिंग बेल्ट तुटलेला वाटतोय. आत रबरी पट्टा असतो. व्हॉल्व्ह कधी उघडायचे, कधी मिटायचे, ते तो सांभाळतो. तो तुटला की व्हॉल्व्ह उघडेच राहतात आणि खालून पिस्टन त्यांच्यावर आपटतो. जितकं फिरवाल तितकं..."

ते मध्येच थांबले. त्यांची नजर मागच्या काचेवर होती. "या कोण? यांना एवढा घाम का सुटलाय?"

मी वळून पाहिलं. सासूबाईंचा चेहरा ओलाचिंब होता आणि ताटावरचे हात थरथरत होते. "आई!" मी हाक मारली. त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि विचारलं, "शांते, होरी आली काय गो?" होरी म्हणजे होडी, आणि शांता ही त्यांची बहीण. तिला जाऊन कैक वर्षं झाली होती.

"शुगरवाल्या आहेत का? मीपण आहे. साखर उतरलीय त्यांची," असं म्हणत त्यांनी स्कूटरच्या डिकीतून ग्लुकोजचा पुडा काढला. माझ्या बाटलीतल्या पाण्यात कालवून मी ते घोट घोट पाजलं. थोड्या वेळानं सासूबाईंची नजर जागेवर आली. "गारी कनाला थांबवलीस?" त्यांनी विचारलं आणि मग लहान मुलीसारखं कबूल केलं. गोळी घेतली होती, पोहे मात्र शेजारणीला देऊन टाकले होते. देवीला उपाशीपोटी जायचं होतं त्यांना.

त्या गृहस्थांनी रिक्षा थांबवून आम्हाला आधी डॉक्टरांकडे आणि मग आपल्या घरी नेलं. त्यांच्या पत्नीनं तांदळाची भाकरी आणि मऊ डाळ पुढे ठेवली. उपाशीपोटी जायचा नेम मोडला म्हणून सासूबाईंचे डोळे भरून आले. तेव्हा त्या बाई म्हणाल्या, "लेक आता डोळ्यांनी बघायला लागला ना? मग घरी गेल्यावर त्याला आई दिसायला नको?" सासूबाईंनी भाकरी मोडली.

गाडी टेम्पोला बांधून गॅरेजात गेली. इंजिनाचं हेड उघडलं तेव्हा व्हॉल्व्ह वाकलेले निघाले, पिस्टन मात्र शाबूत होते. मेकॅनिक हळहळत होता. मी त्या वाकड्या दांड्या हातात घेऊन बघत राहिले. पट्टा तुटला नसता तर मी तशीच गाडी चालवत राहिले असते, आणि मागे काय चाललंय ते मला उरणला पोचेपर्यंत कळलंही नसतं.

पुढे यजमानांना उन्हात जायची परवानगी मिळाली, तेव्हा आम्ही तिघं एस.टी.नं देवीला गेलो. सासूबाई घरून पोटभर खाऊन निघाल्या. ओटी भरताना मी काहीच मागितलं नाही. मनासारखं चाललं की कृपा आणि अडलं की कोप, असं मी आजवर धरून चालले होते. गाडी अडली त्या दिवसापासून ते सुटलं. सांभाळणारी सांभाळते, कशाच्या हातून ते तिचं तिला ठाऊक.

दर्शन झाल्यावर प्रसादाचा नारळ घेऊन आम्ही त्या स्कूटरवाल्या गृहस्थांच्या घरी गेलो. दार उघडायच्या आधीच आतून भाकऱ्या थापल्याचा आवाज येत होता.