आयनीभवनाची अकरा वर्षं

शाळेत मुलं तिला पाठीमागे ‘आम्लबाई’ म्हणत. रागावली की तिचा आवाज खाली यायचा आणि नेमका तेव्हाच जास्त झोंबायचा. हे नाव तिच्या कानावर आलं होतं, आणि खरं सांगायचं तर तिला ते आवडायचंही.

पंधरा वर्षं रसायनशास्त्र शिकवल्यावर तिला पत्र आलं. शास्त्रीय शब्दकोशाच्या कामासाठी परिभाषा कार्यालयात सहा महिने हजर व्हावं.

“सहा महिने काय, चुटकीसरशी जातील,” नवरा म्हणाला. तो बस चालवायचा, त्याला सगळंच दोन थांब्यांवर वाटायचं. लेक तेव्हा जेमतेम चार वर्षांची होती.

त्या सहा महिन्यांची अकरा वर्षं झाली.

तिची खोली तिसऱ्या मजल्याच्या टोकाला होती. एकुलती एक खिडकी शेजारच्या इमारतीच्या भिंतीवर उघडायची, हात लांब केला तर तिथल्या नळाला लागेल इतकी जवळ. उजेड आहे की ढग आलेत, हे तिला भिंतीच्या रंगावरून ओळखावं लागे. बाकी खोलीभर कार्डांची कपाटं. एकेका कार्डावर एकेक शब्द, त्याचा अर्थ, वापर आणि खाली तीन तज्ज्ञांच्या सह्या. सगळ्या कार्डांवर सह्या झाल्या की खंड पुरा, आणि खंड पुरा झाला की बाई मोकळ्या, असा नियम होता.

चार हजारांवर कार्डं पुरी झाली. एक अडलं. अणूचा किंवा रेणूचा आयन, म्हणजे विद्युतभारित कण, बनणं, या क्रियेला काय म्हणायचं?

रसायनाचे तज्ज्ञ म्हणाले, “आयनीभवन. ते आपोआप होतं.” भौतिकीचे म्हणाले, “आपोआप कसलं? वायूत ठिणगी पाडून आम्ही ते करतो. आयनीकरण!” व्याकरणाचे तज्ज्ञ वयस्कर होते, त्यांनी चष्मा पुसत विचारलं, “एवढ्याशा कणाला क्रियापदं तरी किती लागतात?” दर बैठकीला पहिले दोघे हमरीतुमरीवर येत, तिसऱ्यांना डुलकी लागे आणि कार्ड पुन्हा तिच्या टेबलावर येई. संचालकांकडे गेलं तर ते म्हणत, “बाई, एकाच शब्दाचा तर प्रश्न आहे.” हे वाक्य त्यांनी चार वर्षं म्हटलं. ती पायऱ्या उतरताना मनातल्या मनात दात-ओठ खात असे.

लेक आता तिच्याच जुन्या शाळेत नववीत होती. एका संध्याकाळी भाजी निवडता निवडता तिने लेकीची वही पाहिली. ‘मीठ पाण्यात विरघळले की त्याचे आयनीभवन होते.’ शेजारी बरोबरची खूण.

“हे कोणी सांगितलं?”

“आमच्या बाईंनी. का गं?”

“मिठात आयन आधीपासूनच असतात, बाळा. पाणी त्यांना फक्त सुटं करतं. ते वियोजन. आयनीभवन म्हणजे नव्हता तो आयन तयार होणं.”

“मग तूच येऊन सांग ना! इथे बसून मलाच काय सांगतेस?” लेक फटकन बोलून गेली.

गुरुवारी तिने अर्धी रजा टाकली. तिच्या जागी आलेली शिक्षिका तरणीताठी, हसतमुख होती. भांडायच्या तयारीने गेलेली ही दारातच विरघळली, कारण ती शिक्षिकाच म्हणाली, “तुम्हीच त्या! मुलांना तुम्हीच समजवा, मलाही ऐकायचंय. पुढचा तास माझाच आहे.”

फळ्यासमोर उभी राहून तिने लिहायला घेतलं. पहिला खडू मोडला. मागच्या बाकावर कोणीतरी खुसखुसलं, तसा तिचा आवाज खाली आला आणि वर्ग चिडीचूप झाला.

तिने चंचुपात्रात शुद्ध ॲसेटिक आम्ल ओतलं, तारा बुडवल्या. तारांना जोडलेला इवलासा दिवा लागला नाही. “द्रव आहे, तरी वीज जात नाही. का? कारण आत सगळे रेणूच. आयन नाहीत म्हटलं तरी चालेल.” मग तिने हळूहळू पाणी घातलं. दिवा मिणमिणला. “आता थोडे रेणू पाण्याला हायड्रोजनचा आयन देताहेत. नवे आयन बनले. हे आयनीभवन. अणूला ऊर्जा देऊन त्याचा इलेक्ट्रॉन आपण काढून घेतला, तर आपण त्याचं आयनीकरण केलं. एक होतं, एक करतात. मिठाला मात्र यातलं काहीच लागत नाही.”

स्वतःचंच वाक्य तिच्या कानावर पडलं. चार वर्षांचं भांडण तिने एका दमात सोडवलं होतं, आणि ते त्या खोलीत तिला कधी सुचलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी तिने दोन्ही शब्दांची दोन कार्डं लिहिली, वियोजनाची टीप जोडली आणि बैठकीची वाट न पाहता तिघांच्या घरी जाऊन सह्या आणल्या. पहिले दोघे आपापला शब्द राहिला म्हणून खूश. व्याकरणवाले म्हणाले, “पोरी, हे आधी का नाही आणलंस?” तिने कार्डं पिशवीत घातली.

तिने सुटकेचा अर्ज दिला. महिन्याने उत्तर आलं. शाळेतली जागा कायमची भरली होती. बाईंचा अनुभव लक्षात घेऊन त्यांना दुसऱ्या खंडासाठी तिथेच ठेवण्यात येत होतं. तिने कागद दोनदा वाचला. खिडकीपाशी गेली, पण तिथे पाहायला भिंतच होती. मग खुर्चीत बसून पदर तोंडाला लावून ती रडली, आणि डोळे पुसून दुसऱ्या खंडाचं कपाट उघडलं.

निवृत्तीपर्यंतची सहा वर्षं ती त्याच खोलीत होती. वर्षाला बारा अर्ध्या रजा मिळत. त्या तिने आजारपणाला वापरल्या नाहीत की लग्नकार्याला नाहीत. महिन्यातल्या एका गुरुवारी ती शाळेत जायची. नवी शिक्षिका तिच्यासाठी अवघड धडे मुद्दाम मागे ठेवायची. तास संपला की हातावरचा खडू झटकत ती कार्यालयाकडे चालू लागायची. हजेरी दोनच्या ठोक्याला बंद होत असे.